एडिट कोणाला, व्ह्यू कोणाला?

शेतकऱ्यांनी आपली कंपनी काढावी असं सरकारला २००२ साली वाटलं आणि कंपनी कायद्यात तशी दुरुस्ती झाली. निदान दहा उत्पादक, पाच ते पंधरा संचालक, भागभांडवल, मतदान, नफ्याची वाटणी, सगळ्याचा त्यात विचार केलेला आहे. एक गोष्ट तेवढी राहून गेली. कंपनी आली की प्रेझेंटेशन येतं, आणि प्रेझेंटेशन आलं की पहिल्या स्लाइडवर फोटो कोणाचा हा प्रश्न येतो. त्याबद्दल कायद्यात कलम नाही.

कुंभार पिंपळगाव ही जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यातली मोठी बाजारपेठ. आसपासच्या खेड्यांतली माणसं खत, बियाणं, लग्नाचा बस्ता आणि शेजारच्या गावातल्या भानगडींचा तपशील घ्यायला इथंच येतात. तिथल्या मोसंबीवाल्यांनी मिळून एक कंपनी काढली. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, पण मानांकनानं फळ निवडलं जात नाही की खोक्यात भरलं जात नाही. त्यासाठी शेड पाहिजे आणि शेडसाठी कर्ज. बँकेनं सांगितलं, प्रकल्प अहवाल द्या आणि वीस मिनिटांचं प्रेझेंटेशन करा. अहवाल सीएनं करून दिला. तो कोणी वाचला नाही, त्यामुळं त्यावरून भांडणही झालं नाही. प्रेझेंटेशन मात्र भिंतीवर दिसणार होतं.

संचालकांपैकी दोघं पुण्याला, एक संभाजीनगरला, बाकीचे गावात. अध्यक्षांचा पुतण्या हिंजवडीत नोकरीला. त्यानं फोनवर सुचवलं, “काका, सगळ्यांनी मिळून ऑनलाइनच करू. आधी सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं तेवढं ठरवा.” हे ‘तेवढं’ ठरवण्यासाठी मंडळानं तीन जणांची समिती नेमली. चौथा रुसला म्हणून चार झाले. चारमध्ये मतं बरोबरीत पडतील म्हणून पाचवा घेतला. पाचवा वरच्या आळीचा निघाला म्हणून सहावा खालच्या आळीचा. असं करत अख्खं मंडळ समितीत आलं, आणि मग बाहेरचा कोणीतरी तटस्थ पाहिजे म्हणून मला बोलावणं आलं. माझी पात्रता एवढीच की मी कॉलेजात शिकवत होतो आणि माझ्या रानात मोसंबी नाही.

बैठक खताच्या दुकानाच्या माडीवर. पुतण्या मोबाइलच्या पडद्यात, मोबाइल युरियाच्या गोणीला टेकवलेला. त्यानं मूल्यमापनाचा तक्ता केला होता. किंमत, वेग, सुरक्षितता, टेम्प्लेट, ऑफलाइन सोय, प्रत्येकाला दहापैकी गुण. आबांनी तक्ता नाकाजवळ धरून पाहिला. आबा म्हणजे मंडळातले सगळ्यात वडीलधारे. “फुकट कोणतं हाय त्याच्यावर खूण कर अन् बाकीच्यावर काट मार,” ते म्हणाले. पुतण्यानं आठवडाभर खपून केलेला पहिला रकाना असा एका वाक्यात भरून निघाला.

मग घराण्याची चौकशी सुरू झाली. आमच्याकडं कोणतीही सोयरीक करताना ‘मूळचे कुठले’ हे विचारल्याशिवाय पुढं सरकत नाहीत. मी सांगत गेलो. पॉवरपॉइंट हे यातलं थोरलं. रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांनी ते फोरथॉट नावाच्या लहानशा कंपनीत तयार केलं, १९८७ च्या एप्रिलमध्ये मॅकिंटॉशवर आलं, आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनं एक कोटी चाळीस लाख डॉलर मोजून फोरथॉट विकत घेतली. पहिल्या आवृत्तीत रंग नव्हते, आणि ते थेट पडद्यावर दाखवायला केलेलंच नव्हतं. ओव्हरहेड प्रोजेक्टरसाठी पारदर्शक कागदावर छापून घ्यायला केलं होतं. (हे ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.) गूगलचं स्लाइड्स २००७ चं. प्रेझी २००९ चं, हंगेरीतल्या बुडापेस्टचं. त्यात पानं उलटत नाहीत, एकाच मोठ्या कागदावर आपण घारीसारखं वरून खाली झेपावतो आणि परत वर जातो. आबांना ते इतकं आवडलं की त्यांनी तीनदा खालीवर करायला लावलं. मजकुरात काय होतं ते त्यांनी विचारलं नाही. कॅनव्हा ऑस्ट्रेलियातल्या सिडनीचं, २०१३ चं. त्यात वाढदिवसाचे बॅनर फार छान होतात, हे समितीतल्या दोघांना आधीच माहीत होतं. त्यांच्यापैकी एकाचा वाढदिवस वर्षातून दोनदा येतो, एकदा शाळेच्या दाखल्यावरचा आणि एकदा खरा.

झोहोची गोष्ट निघाली तेव्हा मात्र सगळे सावरून बसले. भारतातली कंपनी, तमिळनाडूची. तिचे संस्थापक श्रीधर वेंबू तेनकाशी जिल्ह्यातल्या खेड्यात राहायला गेले आणि तिथून काम करू लागले. केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये आपण कागदपत्रं आणि प्रेझेंटेशनसाठी झोहोवर जात असल्याचं जाहीर केलं, हेही मी सांगितलं. मंत्र्यांचं कोणाला विशेष वाटलं नाही.

“खेड्यात राहून कंपनी चालवतो?” आबांनी विचारलं.

“हो.”

“लाईटीचं काय करतो?”

याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं, पण आबांचं मत झोहोला पडलं होतं. आबांचं पडलं म्हणजे खालच्या आळीचं सगळं पडलं.

निकाल मात्र भलत्याच मुद्द्यावर लागला. नव्या सॉफ्टवेअरला नवं खातं उघडावं लागतं आणि खात्याला पासवर्ड लागतो. आमच्याकडं मोबाइल घेतला की दुकानदारच जीमेल उघडून देतो, पासवर्डही तोच ठरवतो. मोबाइलच्या मालकाला तो माहीत नसतो आणि माहीत करून घ्यावा असं त्याला वाटतही नाही, जशी विजेच्या खांबावरची जोडणी घरमालकाला माहीत नसते. गूगलचं खातं सगळ्यांच्या फोनमध्ये आधीच उघडं होतं. त्यामुळं जगातल्या पाच नामांकित सॉफ्टवेअरांच्या तुलनात्मक मूल्यमापनाचा निर्णय आमच्याकडं मोबाइल शॉपीवाल्यानं, स्वतःला पत्ता नसताना, काही वर्षांपूर्वीच करून ठेवला होता.

गूगल स्लाइड्समध्ये एका फाइलवर एका वेळी शंभर जण काम करू शकतात असं पुतण्यानं अभिमानानं सांगितलं.

“शंभरच?” उपाध्यक्ष म्हणाले. सप्त्याच्या पंगतीची व्यवस्था त्यांच्याकडं असते.

इथवर सगळं सुरळीत होतं. मग पुतण्यानं लिंक पाठवण्याआधी विचारलं, “कोणाला एडिट देऊ आणि कोणाला व्ह्यू?” आणि माडीवरचा पंखा तेवढा फिरत राहिला, बाकी सगळं थांबलं.

या सॉफ्टवेअरमध्ये माणसांच्या तीन जाती असतात. व्ह्यूअरनं नुसतं बघायचं. कमेंटरनं बाजूला शेरा मारायचा, आत हात लावायचा नाही. एडिटरनं काहीही करायचं. शहरातल्या कार्यालयांत लोक आनंदानं व्ह्यूअर होतात, कारण एडिटर झालं की काम मागं लागतं. आमच्याकडं कामाची भीती कोणालाच नाही. भीती आहे ती नुसतं बघणारा ठरण्याची.

“मला व्ह्यू?” आबा म्हणाले. “मी काय तमाशा बघायला आलोय का?”

आबांना एडिट दिलं. मग आबांच्या शेताशेजारचे जे, त्यांना कसं नाही द्यायचं? बांधावरून आधीच बोलाचाली बंद होती. त्यांनाही दिलं. कमेंटरच्या जागेला साजेसा एकच माणूस मंडळात होता, आणि त्याला अधिकार देण्याची गरज नव्हती, तो गेली तीस वर्षं गावातल्या प्रत्येक कामाला बाजूनं शेरे मारत आला आहे. त्यानं ती जागा नाकारली. शेवटी व्ह्यूअर म्हणून एकटा मी उरलो, कारण माझ्या रानात मोसंबी नाही.

हे दुखणं आमच्याच गावाचं आहे असं समजू नये. ९ डिसेंबर १९६८ ला डग्लस एंगेलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या सभागृहात पहिल्यांदा जगाला दाखवलं की दूरवर बसलेली दोन माणसं एकाच पडद्यावर एकच मजकूर बघत काम करू शकतात. माउसही त्याच प्रयोगात लोकांनी पाहिला. सहकारी होता तीसेक मैलांवर मेन्लो पार्कला. पडद्यावर दोघांचेही कर्सर दिसत होते. पण मजकुरात फेरफार करण्याचा हक्क एंगेलबार्टनी स्वतःकडंच ठेवला होता आणि आपला कर्सर जास्त ताकदवान आहे हे त्यांनी भर सभेत, हसत का होईना, सांगून टाकलं. म्हणजे जन्मल्या दिवसापासून या विद्येत एक अध्यक्ष आणि एक व्ह्यूअर आहेच. पुढं दोघांनी एकाच वेळी एकाच ओळीत हात घातला तर मजकूर कसा सांभाळायचा, हे कोडं एलिस आणि गिब्स या दोघांनी १९८९ साली हाती घेतलं आणि त्यातून आलेल्या युक्तीवर आजची अशी बरीच सॉफ्टवेअरं चालतात. दोन कर्सरांचं भांडण त्यांनी मिटवलं. कर्सरांच्या मागं बसलेल्या दोन भावकींचं काय, ते मात्र ज्याच्या त्याच्या गावावर सोडून दिलं.

लिंक ‘ज्याच्याकडे असेल त्याला एडिट’ अशी उघडी करून ग्रुपवर टाकली आणि पहिल्याच संध्याकाळी आबांचा फोन आला. “सर, आपल्या फाइलीत जनावर शिरलंय.” खात्यात न शिरता अशी उघडी लिंक उघडली की हे सॉफ्टवेअर माणसाला कोणत्यातरी अनोळखी प्राण्याचं नाव देतं. कोणी कॅपिबारा होतो, कोणी ॲक्सोलॉटल, कोणी क्वागा. यातला क्वागा तर एकोणिसाव्या शतकातच नामशेष झाला, तो आमच्या तिसऱ्या स्लाइडवर मोसंबीचे दर बदलत होता. गावात मग दोन दिवस एकच संशोधन. कॅपिबारा कोण? वरच्या आळीचं म्हणणं, तो व्यापाऱ्याचा माणूस आहे. खालच्या आळीचं म्हणणं, तो अध्यक्षांचा मेहुणा आहे. ॲक्सोलॉटल हे नाव कोणालाच म्हणता येईना, त्यामुळं त्याच्यावर आळ आला नाही.

पण माझ्या मते या सॉफ्टवेअरमधली सगळ्यात स्फोटक सोय वेगळीच आहे. कोणी, केव्हा, काय बदललं याची त्यात नोंद राहते आणि मागं जाऊन जुनं परत आणता येतं. ज्या महाराष्ट्रात प्रोसिडिंग बुकात दोन ठरावांच्या मध्ये जागा सोडायची पद्धत आहे, तिथं ही सोय फार जपून वापरली पाहिजे. मोकळी जागा ही आपल्या सहकाराची अर्धी ताकद आहे. तिच्यात पुढच्या महिन्यात काय ठरलं होतं ते लिहिता येतं. इथं तसं नाही. पुतण्यानं एका रविवारी मीटिंग बोलावून ही नोंद सगळ्यांना उघडून दाखवली. तेव्हा कळलं की उपाध्यक्षांचं नाव सचिवांनी चार वेळा खाली सरकवलं होतं आणि उपाध्यक्षांनी पाच वेळा वर. आबांनी ‘अपेक्षित उत्पन्न’ रोज थोडं थोडं वाढवत नेलं होतं, पाऊस पडेल तसं. आणि बहुतेक सगळे बदल रात्री दोन ते चारच्या दरम्यानचे.

पुतण्याला वाटलं, काहीतरी कट शिजतोय. पुण्यात राहून त्याला विसर पडला होता. शेतीपंपाला आठ तास लाईट, ती आठवडा दिवसाची तर आठवडा रात्रीची. तो आठवडा रात्रीचा होता. मोटर चालू करायची, बारं धरायचं, पाणी दांडातून वाफ्यात पोचेपर्यंत बांधावर बसायचं, एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात मोबाइल. त्या वेळेला रेंजही बरी असते. कॅलिफोर्नियातल्या इंजिनिअरांनी ज्या एकत्रित कामासाठी एवढी खटपट केली, ते काम पहाटे तीन वाजता तीन वेगवेगळ्या रानांत चिखलात पाय रोवून चाललेलं होतं. तिघं एकाच स्लाइडवर होते. एकमेकांशी बोलत नव्हते, पण एकमेकांचं खोडत होते.

टंकलेखनाचा प्रश्न बोलून सुटला. फोनला मराठी ऐकू येऊ लागलं त्याला आता बरीच वर्षं झाली आणि जालन्याकडची बोलीही तो बऱ्यापैकी पकडतो. अध्यक्षांनी ‘आमचे ध्येय’ ही स्लाइड गोठ्यात बसून सांगितली. ती शब्दशः अशी उतरली: ‘ग्राहकांना दर्जेदार फळ व शेतकऱ्यांना रास्त दर अरे ती म्हैस सुटली बघ तिकडं मिळवून देणे.’ दहा जणांना एडिटचा अधिकार होता. पण अध्यक्षांचं वाक्य खोडायचं कोणी? ते वाक्य तसंच राहिलं. सचिवांनी फक्त ‘म्हैस’ ठळक केलं, का ते त्यांनाच माहीत.

टेम्प्लेटबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं थोडंच आहे. ‘शेती’ म्हणून शोधलं की लाल रंगाचं कोठार, क्षितिजापर्यंत गहू आणि टोपीवाला हसरा गोरा माणूस येतो. मोसंबीच्या नावानं नारंगी रंगाचं फळ आलं. “हे नागपूरचं हाय,” म्हणून समितीनं ते एकमतानं फेटाळलं. संपूर्ण प्रक्रियेतला एकमतानं झालेला हा एकमेव ठराव.

अक्षरांचं मात्र मी मनावर घेतलं. व्ह्यूअरलाही डोळे असतात. कोणी मजकूर मोठा केला, कोणी लाल केला, कोणी तिरपा, एका स्लाइडवर ‘ल’ मराठी वळणाचा तर दुसरीवर हिंदी. मोकळी जागा दिसली की तिच्यात कोणीतरी फुलाचं चित्र बसवायचा. मी सगळ्यांना म्हटलं, जवळच्या जांबला, आताच्या जांब समर्थला, १६०८ साली जन्मलेल्या रामदासांनी याचं काय करायचं ते आधीच सांगून ठेवलंय. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर वाटोळं आणि सुटं काढा, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच मापाचं ठेवा, ओळींतलं अंतर सारखं राखा, आणि पानाच्या चारी बाजूंना जागा सोडून मध्ये लिहा, म्हणजे कागदाची कड झडली तरी अक्षर शाबूत राहील. स्लाइड कशी करावी याचे हजारो रुपये घेऊन वर्ग चालतात, त्यात याहून जास्त काही सांगत नाहीत. ॲमेझॉनच्या जेफ बेझोसनी २००४ मध्ये वरिष्ठांच्या बैठकीतून स्लाइड हद्दपार केल्या आणि बैठकीच्या सुरुवातीला सगळ्यांनी गप्प बसून लेखी टिपण वाचावं असा नियम केला. तोही नियम मी सुचवून पाहिला. गप्प बसण्याचा भाग वगळून मंजूर झाला.

समर्थांच्या नावाचा परिणाम झाला. सगळ्यांनी मान डोलावली, आबांनी हात जोडले. त्या रात्री चारी बाजूंना जागा सोडण्यात आली आणि सकाळपर्यंत त्या जागेत संचालकांचे फोटो आले होते.

फोटोंचं प्रकरण तिथूनच सुरू झालं. पहिल्या स्लाइडवर आधी एकटे अध्यक्ष होते. मग उपाध्यक्ष आले, तेवढ्याच मापाचे. मग बाकीचे गोल चौकटींत, फ्लेक्सवर असतात तसे. मग वरच्या कडेला नेते. इथं पक्षाचा प्रश्न आला, तेव्हा दोन्हीकडचे नेते घेतले. ते एकमेकांकडं बघणार नाहीत अशा बेतानं डावा उजवीकडं वळवून घेतला. मोसंबीचं चित्र उजव्या कोपऱ्यात होतं, ते आकसत आकसत लिंबाएवढं झालं. पुतण्या म्हणाला, “काका, बँकेला फळ दिसलं पाहिजे.” उपाध्यक्ष म्हणाले, “फळाला कोण कर्ज देतंय? माणसाकडं बघून देतात.” यात तथ्य नाही असं म्हणवत नाही.

बँकेत गेलो तेव्हा सगळे नवे कपडे घालून होते. शाखेतला प्रोजेक्टर महिनाभर दुरुस्तीला गेलेला. साहेबांनी विचारलं, “प्रिंट आणलीय का? तीन प्रतींत द्या.” सचिव खाली जाऊन झेरॉक्सवाल्याकडून काळ्यापांढऱ्यात काढून घेऊन आले. गॅस्किन्स आणि ऑस्टिन यांनी १९८७ साली ज्यासाठी हे सॉफ्टवेअर केलं होतं, रंग नाही, पडदा नाही, नुसतं कागदावर छापायचं, तिथं आम्ही इतक्या वर्षांनी शिस्तीत येऊन पोचलो. साहेबांनी पानं चाळली. ‘आमचे ध्येय’वर थोडं थांबले. “म्हैस सापडली का?” त्यांनी विचारलं.

“सापडली की,” अध्यक्ष म्हणाले. “त्याच दिवशी. आता गाभण हाय.”

त्यानंतरची दहा मिनिटं म्हशीवर गेली, कारण साहेबांच्याही घरी गोठा आहे. शेडबद्दल दोनच प्रश्न विचारले. कर्जाचा कागद पुढं सरकलेला आहे. कुठल्या टेबलावर आहे ते विचारू नका.

फाइल अजून उघडीच आहे. लिंक बंद करा म्हणून मी दोनदा सांगितलं, पण ती बंद करण्याचा अधिकार मालकानं स्वतःकडंच ठेवलेला, मालक पुतण्या, आणि पुतण्या म्हणतो मंडळाचा ठराव पाठवा. दरम्यान लिंक ग्रुपमधून ग्रुपमध्ये फिरत आसपासच्या गावांत गेली. सतराव्या स्लाइडवर कोणाच्यातरी नातवाचा पहिला वाढदिवस साजरा झाला. अठराव्यावर एक भावी जिल्हा परिषद सदस्य दिवाळीच्या शुभेच्छा देऊन गेले. एकोणिसाव्या स्लाइडवर, चारी बाजूंना व्यवस्थित जागा सोडून, एकाच मापाच्या अक्षरांत मजकूर आहे: ‘गोऱ्ह्यांची जोडी विकणे आहे.’ खाली मोबाइल नंबर. परवा अध्यक्षांनी ती ताबडतोब काढायला सांगितली. सचिव म्हणाले, “राहू द्या की दोन दिवस. सौद्याला माणूस येऊन बघून गेलाय.”